वेलांटी ट्रकमध्ये राहिली

त्याचं खरं नाव ट्रकच्या कागदपत्रांत होतं आणि तिथंच पडून राहिलं होतं. लोकांची घरं एका गावातून उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवायची हे त्याचं काम, आणि सामान चढवताना दर दोन मिनिटांनी "सावकाश, सावकाश" म्हणत राहायचं ही त्याची सवय. हमालांनी त्याचं नावच सावकाश ठेवलं. वयानं लहान होते ते सावकाशमामा म्हणत. सव्वीस वर्षं तो ट्रक चालवत होता. एवढ्या काळात त्याच्या ट्रकमध्ये एकच कपबशी फुटली होती, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे तीही आधीच तडकलेली होती.

सामान लावण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आधी दिवाण, मग कपाटं, पाठीला पाठ लावून. मग फ्रिज, तोही उभाच. कोणी आडवा केला तर सावकाश त्याच्या सात पिढ्या काढायचा. फटींत गाद्या कोंबायच्या, खुर्च्या एकमेकींत पाय अडकवून रचायच्या. आणि सगळ्यात शेवटी, अगदी दाराशी, एक खोकं: चहाचं भांडं, साखर, चार कप, एक चादर. नव्या घराशी ट्रकचं दार उघडलं की हे खोकं तो आधी घरातल्या बाईच्या हातात द्यायचा. ही युक्ती त्याच्या बायकोची. "नव्या घरात बाई पहिल्यांदा काय शोधते, माहितेय का तुम्हाला? कशाला माहीत असेल!" असं ती एकदा म्हणाली होती.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती.

शेवटचं वर्षभर ती आतल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. हृदय थकलं होतं. उठवत नसे, म्हणून हाक मारी. "अहो." पाणी द्या, उशी सरकली, खिडकी लावा, खिडकी उघडा. कधी काहीच नको असायचं. तो घरात आहे ना, एवढीच खात्री करून घ्यायची असायची. कंपनीतून त्यानं जवळपासच्याच फेऱ्या मागून घेतल्या होत्या. घरी आला की बाहेरची खोली, आतली खोली, बाहेरची खोली. पार मेटाकुटीला आला होता तो. त्या दुपारी रेडिओवर सामना लागला होता, शेवटची पाचेक मिनिटं उरली होती. आतून हाक आली. "आलो," तो म्हणाला. पुन्हा आली. "आलो म्हटलं ना!" तो जरा चढ्या आवाजात म्हणाला. सामना संपला तेव्हा तो उठला आणि आत गेला. ती खिडकीकडे तोंड करून पडली होती. डोळे उघडे होते, पण बघत नव्हते.

दोनदा. दोनदा हाक मारली होती तिनं. हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. सासरी असलेल्या मुलीला फोनवर एवढंच म्हणाला, "झोपेतच गेली गं. तिला कळलंही नाही."

महिनाभरानं हाका सुरू झाल्या. दुपारी तो बाहेरच्या खोलीत बसलेला असला की आतून यायची: "अहो." तसाच आवाज, शेवटचा हो जरा लांबवलेला. तो ताडकन उठायचा, आत जायचा. आत घडी घातलेली गादी आणि बंद खिडकी. पहिलं वर्षभर तो दर वेळी उठला. मग कंपनीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना त्यानं चाचरत विचारलं. बायकोचं काही बोलला नाही. कुणी हाक मारल्यासारखं वाटतं, एवढंच म्हणाला.

"उठून बघायला जाता का तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"जातो."

"नका जाऊ. तुम्ही जाता म्हणून ते येतं. दुर्लक्ष करायला शिका."

आणि तो शिकला. खुर्चीचा हात घट्ट धरून बसायला शिकला. दात आवळून, ओठ मिटून, हाक विरेपर्यंत. पुढं पुढं तर पेपरातून मानही वर करीनासा झाला. हाका थांबल्या नाहीत, पण त्याचं उठणं थांबलं, आणि त्यावर दिवस निघू लागले.

त्या खेपेला दातांच्या डॉक्टरांचं बिऱ्हाड हलवायचं होतं. तीन दिवसांचा लांबचा पल्ला. घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि घरसामानाबरोबर दवाखान्यातली ती मोठी कलती खुर्चीसुद्धा न्यायची होती. चार हमाल ती खुर्ची खाली उतरवत होते आणि त्यातला एक, ज्याला काडीसारखा बारीक म्हणून सगळे पैलवान म्हणत, तो "आ करा, आ करा" असं ओरडत होता. सगळे खिदळत होते. सावकाश मात्र पायरी पायरीला घसा खरवडत होता: "सावकाश, अरे सावकाश!"

समोरच्या दारात एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, सडपातळ, गळ्यात दोरीला चष्मा. छापखान्यात पस्तीस वर्षं प्रुफं तपासायचं काम केलेल्या. एकट्याच राहत. त्यांच्या पायाशी करड्या रंगाचं एक मांजर बसलं होतं, शेपटीचा आकडा पाठीवर वळवून.

"नाव काय हिचं?" पैलवानानं जाता जाता विचारलं.

"वेलांटी."

"ऱ्हस्व की दीर्घ?"

"बसली की ऱ्हस्व, चिडली की दीर्घ," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, खरीखुरी माहिती दिल्यासारख्या बोलल्या.

चार वाजता सामान भरून झालं. डॉक्टरांचं कुटुंब सकाळीच आपल्या मोटारीनं पुढं गेलं होतं. हमाल या गावचे इथंच राहणार, उतरवायला तिकडचे वेगळे. वाटेत सावकाश एकटाच. तो ट्रकचं मागचं दार ओढणार, एवढ्यात वरून हाक आली.

"अहो!"

त्याच्या हातातून दाराची कडी सुटली. वर बघितलं तर गॅलरीत त्या प्रुफवाल्या बाई.

"अहो, दार लावायच्या आधी जरा आत बघता का? आमची वेलांटी मघापासून दिसत नाहीये."

"एवढ्या आदळआपटीत मांजर ट्रककडं फिरकतंय कशाला, बाई? येईल. बसली असेल कुठंतरी."

"तरी बघा."

त्यानं दारात उभं राहून बॅटरीचा झोत आत फिरवला. समोर खोकं, खुर्च्या, त्यामागं चादरीत गुंडाळलेली दातांची खुर्ची. त्यापलीकडं काही दिसणं शक्यच नव्हतं. छातीत अजून धडधडत होतं, ते त्या हाकेनं. त्याला तिथून निघायचं होतं.

"बघितलं," तो वर ओरडला. "नाहीये."

त्यानं दार लावलं. बाईंनी कंपनीच्या पावतीवरून त्याचा नंबर लिहून घेतला.

गाव मागं पडून तासभर झाला असेल. रस्ता मोकळा होता, ऊन उतरत होतं. आणि त्याच्या पाठीमागून, केबिनच्या फळीपलीकडून, हाक आली.

"अ… हो."

त्यानं चाक दोन्ही हातांनी गच्च धरलं. आजवर ती हाक फक्त घरात यायची, आतल्या खोलीतून. ट्रकमध्ये कधी आली नव्हती. ट्रक ही त्याची एकच जागा होती जिथं तो सुटा असायचा. थोड्या वेळानं पुन्हा आली. तोच लांबवलेला हो. त्याच्या कानशिलावरून घामाचा ओघळ आला. 'म्हणजे आता इथंही,' त्याच्या मनात आलं. त्यानं कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे केलं. दात आवळले, ओठ मिटले, आणि नजर रस्त्यावरून हलू दिली नाही. मग रेडिओ लावला आणि मोठा केला.

मुक्कामाला तो एका खानावळीच्या आवारात थांबला, ट्रकपासून लांबची खोली घेऊन झोपला. सकाळी बाईंचा फोन आला. वेलांटी रात्रभर आली नव्हती.

"नाही हो बाई, इकडं काही नाही," तो म्हणाला. खोटं बोलतोय असं त्याला वाटलंच नाही. त्याच्या लेखी त्या आवाजाचा आणि मांजराचा काही संबंध नव्हता. तो आवाज त्याचा होता. चार वर्षांपासूनचा.

दुसरा दिवस वाईट गेला. हाका थांबायलाच तयार नव्हत्या. मधेच दोनचार मिनिटांची शांतता, की पुन्हा. दुपारनंतर आवाज बसत चालला, घोगरा झाला, तुटायला लागला. तिचा आवाजही शेवटी शेवटी असाच झाला होता. एका चढणीवर गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत असताना तो एकदम बोलला, मोठ्यानं, "पुरे कर आता. पाया पडतो तुझ्या, पुरे कर." पलीकडं सगळं शांत झालं. ती शांतता त्याला हाकेपेक्षाही असह्य झाली. त्यानं स्वतःच हळू आवाजात विचारलं, "आहेस ना?" आणि फळीपलीकडून अगदी बारीक उत्तर आलं. त्याला रडू कोसळलं. गाडी चालवता चालवता तो बाहीनं डोळे पुसत राहिला, पण थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला पुन्हा फोन वाजला. त्यानं गाडीचा वेग कमी करून कानाला लावला.

"मी बोलतेय," प्रुफवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. "सगळीकडं शोधलं. गच्ची, पाण्याची टाकी, गटारसुद्धा. तुम्ही उतरवाल तेव्हा एकदा…"

त्याच वेळी मागून आवाज आला. हाक म्हणण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. कापड फाटावं तसं काहीतरी.

"ते काय वाजलं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. ब्रेक."

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तो पुढं गेला. एक किलोमीटर, दोन किलोमीटर. रस्त्यावर डांबराचं काम चाललं होतं, एका बाजूनं गाड्या सोडत होते. झेंडा दिसला म्हणून तो थांबला. इंजिन धडधडत होतं. बाईंनी विचारलं होतं, ते काय वाजलं. म्हणजे बाईंना ऐकू आलं होतं. चार वर्षांत ती हाक त्याच्याशिवाय कुणालाही ऐकू आली नव्हती.

त्यानं गाडी कडेला घेतली, उडी मारून उतरला, धावत मागं गेला. दार उघडलं. आत चिडीचूप.

मग हा सावकाश म्हणवणारा माणूस सामान उतरवायला लागला ते असं, की पैलवानानं बघितलं असतं तर डोळ्यांवर विश्वास ठेवला नसता. नव्या घरातल्या बाईचं खोकं रस्त्याच्या कडेला फेकलं गेलं. खुर्च्या ओढल्या, त्यांचे पाय एकमेकांत अडकलेले, तशाच फरफटत काढल्या. डॉक्टरांच्या बायकोचा उंच आरसा त्यानं एकट्यानं उचलला, तोल गेला आणि आरसा खडीवर पडून त्याचा चुरा झाला. त्यानं वळून बघितलंही नाही.

डांबराच्या कामावरची माणसं धावत आली. त्यांची मुकादम एक धिप्पाड बाई होती, डोक्याला फडकं बांधलेली.

"अहो भाऊ, काय झालं? काय शोधताय?"

"आत आहे ती," तो धापा टाकत म्हणाला. "तीन दिवस झाले. हाक मारतेय."

"कोण?"

"बायको."

माणसं जागच्या जागी थिजली. पण मुकादम बाई क्षणभरही थांबली नाही. तिनं हातातली काठी टाकली आणि ओरडली, "बघताय काय? चढा वर!" सहाजण चढले. दातांची खुर्ची चौघांनी उचलून खाली ठेवली, कपाटं बाजूला केली. सगळ्यात आत, केबिनच्या फळीला लागून, दिवाण होता, पेटीसारखा पोकळ, वर फळ्या; भरताना एखादी सरकून राहिली असणार आणि गाडी हलल्यावर परत बसली असणार. मुकादम बाईनंच फळी उचलली.

आत जुन्या रजयांवर करडं मांजर पडलं होतं. एका रजईचा कापूस बाहेर आला होता, फळीच्या आतल्या बाजूला नखांचे ओरखडे होते, आणि काही ओरखड्यांना रक्त लागलेलं होतं.

"मांजर आहे," कुणीतरी म्हणालं. एकजण हसायला लागला. दुसऱ्यानं एक सणसणीत शिवी हासडली. सावकाश गुडघ्यावर बसला. त्यानं दोन्ही हात घालून तिला उचललं. अंगात वजनच नव्हतं. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं. पूर्ण उघडलं, हाक मारण्यासाठी उघडतात तसं. आवाज आला नाही.

मुकादम बाईनं बाटलीच्या झाकणात पाणी ओतून पुढं धरलं. मांजर आधी नुसतं बघत राहिलं, मग जीभ हलली. बाईनं माणसांना हातानंच गप्प केलं. सामान पुन्हा चढवून घेतलं. तो निघताना त्याच्याजवळ आली.

"भाऊ, तुमची बायको…"

"चार वर्षं झाली."

तिनं मान हलवली. "घरी जा सावकाश," म्हणाली. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं.

त्यानं तिथूनच फोन लावला. "बाई, सापडली."

"जिवंत?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मघाशी जे वाजलं ते…"

"तीच होती. पहिल्या दिवसापासून ओरडत होती. मला ऐकू येत होतं."

"आणि तुम्ही थांबला नाहीत." हे त्यांनी विचारलं नाही, म्हटलं.

"नाही थांबलो."

सामान पोचवलं, आरशाबद्दल डॉक्टरांच्या बायकोचं जे ऐकायचं ते खाली मान घालून ऐकलं, त्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरला मांजर दाखवलं. घसा पार सोलवटलाय, तो म्हणाला. आवाज परत येईल किंवा येणारही नाही. परतीचे तीन दिवस वेलांटी केबिनमध्ये त्याच्या शेजारच्या सीटवर एका टॉवेलवर झोपून होती. तिनं तोंड उघडलं की तो गाडी कडेला घ्यायचा. पाणी द्यायचा, दूध द्यायचा, कधी नुसताच हात ठेवायचा. तिनं तोंड उघडलं हे बघायला मिळावं म्हणून तो सारखा रस्त्यावरची नजर काढून तिच्याकडं बघायचा. रेडिओ लावला नाही. मागं रिकामा ट्रक खडखडत होता आणि त्या खडखडाटात काही ऐकू येतंय का, म्हणून तो कान देऊन बसायचा. काही आलं नाही.

प्रुफवाल्या बाईंनी दार उघडलं. मांजर त्याच्या हातातून घेतलं, पंजे उलटून बघितले, चष्मा लावून पुन्हा बघितले. मग त्याला आत बोलावलं. त्याला वाटलं होतं, दारातूनच घालवतील.

"बसा. आणि सांगा," त्या म्हणाल्या.

त्यानं सांगितलं. आतली खोली, रेडिओ, सामना, डॉक्टरांचा सल्ला, सगळं. आजवर कुणाला न सांगितलेलं पहिल्यांदाच बोलत होता, म्हणून वाक्यं पुढची मागं, मागची पुढं होत होती. बाई मधे मधे थांबवत होत्या. "कोणत्या महिन्यात?" "आधी काय झालं?" "सामना किती वेळ उरला होता?" प्रूफ वाचावं तसं ऐकत होत्या.

"दोनदा हाक मारली म्हणालात."

"हो."

"पहिल्यांदा तुम्ही म्हणालात आलो. दुसऱ्यांदा म्हणालात आलो म्हटलं ना. मग सामना संपेपर्यंत पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत काहीच नाही?"

त्यानं मांजराकडं बघितलं. मांजर बाईंच्या मांडीवर डोळे मिटून पडलं होतं.

"तीनदा," तो म्हणाला. "तिसऱ्यांदाही मारली. मी रेडिओ मोठा केला."

बाईंनी चष्मा काढला. धीर द्यायला म्हणून काही बोलल्या नाहीत. जाऊ द्या, व्हायचं ते होतं, असलं काहीही नाही. मग म्हणाल्या, "मुलीला माहितेय?"

"नाही."

"तिला सांगायला हवं. तिची आई होती."

आठवडाभर तो फोन हातात घेऊन ठेवत राहिला. मग एका रविवारी सकाळी त्यानं मुलीला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर दीड महिना तिचा फोन नाही, त्यानं केला तर उचलला नाही.

या दीड महिन्यात तो तीनचार वेळा प्रुफवाल्या बाईंकडं गेला. वेलांटी खाऊ-पिऊ लागली, तिनं अंग धरलं, पण आवाज आला नाही. ती कपाटात अडकली तर कळणार नाही, म्हणून बाईंनी घरातली सगळी दारं दोरीनं बांधून उघडी ठेवली होती. बाईंना बहिणीकडं चार दिवस जायचं होतं तेव्हा त्यांनी घराची किल्ली त्याच्याच हातात दिली. "तुम्हाला माफ केलंय असं समजू नका," त्या म्हणाल्या, "पण आता तुम्ही तिच्यावरची नजर हलवणार नाही, हे मला माहितेय." तो चारही दिवस तिथं बसून होता. मांजर या खोलीतून त्या खोलीत गेलं की हाही उठून मागोमाग.

कामावरही बदल झाला. दार लावण्याआधी तो ट्रकमध्ये शिरतो, दिवाणाची फळी उचलतो, कपडे धुवायच्या मशिनचं झाकण उघडतो, आणि दोन मिनिटं नुसता उभा राहतो. हमाल खाली ताटकळतात. पैलवानानं सुरुवातीला थट्टा केली, मग सोडून दिली.

घरातली हाक गेलेली नाही. दुपारी येते. तो आता उठतो, आत जातो, खिडकी उघडतो आणि गादीच्या कडेला बसतो. त्यानं हाक कमी होत नाही आणि वाढतही नाही.

मुलीचा फोन आला तो अशाच एका दुपारी. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"बाबा, एक विचारू? तिसरी हाक कशी होती? मोठ्यानं की हळू?"

त्याला आठवावं लागलं नाही.

"हळू."

मागं तिच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता.

"आई चिडली की मोठ्यानं ओरडायची," ती शेवटी म्हणाली. "हळू म्हणजे चिडली नव्हती ती."

"हो," तो म्हणाला.

आवाज हळू येतो तो राग नसतो म्हणून, की ताकद संपलेली असते म्हणून, हे त्याला ट्रकमधल्या तीन दिवसांनी शिकवलं होतं. ते तो मुलीला बोलला नाही. "पुढच्या रविवारी येतेय मी," ती म्हणाली, आणि तो म्हणाला, "ये. मी घरीच आहे."